टेप, रेकॉर्ड प्लेअर, दुर्बीण: छोटी मोटर अडली तर आधी काय बघायचं आणि तेल कसं द्यायचं

गणपती आठवड्यावर आले की आमच्या किनाऱ्यावर घरोघरी कपाटातले जुने टेपरेकॉर्डर आणि रेकॉर्ड प्लेअर बाहेर निघतात, आणि जूनपासून दमट कपाटात बसलेलं मशीन तेव्हाच नेमकं अडतं. बघायला आलेला पहिला माणूस सांगून मोकळा होतो, "मोटर गेली रे, नवी घाल." बहुतेक वेळा मोटर गेलेली नसते. बेल्ट गेलेला असतो, कनेक्टरवर हिरवा गंज चढलेला असतो, नाहीतर बुशमधलं, म्हणजे मोटरचा दांडा (शाफ्ट) ज्या कड्यात फिरतो त्यातलं, तेल वाळून त्याचा डिंक झालेला असतो. आणि दुसरा माणूस येतो तो तेलाची बाटली घेऊनच येतो, तो जास्त घातक, कारण चुकीच्या जागी गेलेलं तेल परत बाहेर काढणं फार कटकटीचं काम आहे. म्हणून सांगतोय की तेल अगदी शेवटी, आधी नेमकं काय बिघडलंय ते शोधायचं.

हे सगळं मुठीत मावतील अशा मोटर्सबद्दल आहे, म्हणजे टेपडेक, रेकॉर्ड प्लेअर, दुर्बिणीचा ट्रॅकिंग ड्राइव्ह, लॅबमधला छोटा सेंट्रीफ्यूज वगैरे. काही गोष्टींना मात्र घरी हात लावायचाच नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर, इन्फ्युजन पंप ही पेशंटची मशीनं कंपनीच्या माणसाकडेच द्यायची, त्यात चुकीचं तेल गेलं तर त्याची वाफ सरळ कुणाच्या तरी फुप्फुसात जाते. कॅमेऱ्याच्या ऑटोफोकस लेन्सलाही तेल नाही, अल्ट्रासॉनिक मोटर चालतेच घर्षणावर, तिथे तेलाचा अंश गेला की संपलं, आणि अ‍ॅपर्चरची पाती कोरडीच असावी लागतात.

आता आपल्या हवेबद्दल, कारण घाटावरच्या माणसाला हा त्रास एवढा नसतो. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ तांब्या-पितळेवर बसतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूड तयार होते. त्यात जांभ्याची तांबडी धूळ, ती तेलात मिसळली की घासायची पेस्टच होते. आणि रत्नागिरीच्या बाजूला काळी वाळू आहे, तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं, मॅग्नेटाइट लोहचुंबकाला सरळ चिकटतं. मोटरच्या आत लोहचुंबक आहे. मांडवीवर फिरून आलेल्या बॅगेतनं टेबलावर सांडलेले दोन कण मोटरच्या पोटात गेले तर आतल्या बारीक फटीत अडकून खरखर करत राहतात आणि फुंकून काही निघत नाहीत. काम करायच्या आधी टेबल ओल्या फडक्याने पुसा, वर पांढरा कागद पसरा, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक चिकटपट्टीने टिपून घ्या. पंखा बंद. घाम येईल पण पंखा बंदच.

तपासणीची सुरुवात प्लग काढून. नुसता स्विच बंद केलेला चालणार नाही, प्लग काढायचा, रेकॉर्ड प्लेअरच्या मोटरला बऱ्याचदा सरळ २३० व्होल्ट येतात.

पहिला बेल्ट. जुना रबरी बेल्ट आपल्याकडच्या उष्म्यात एकतर सैल पडतो नाहीतर वितळून डांबरासारखा पुलीला चिकटतो, बोटाला लागला तर दोन दिवस जात नाही. ते सगळं आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, मेडिकलमध्ये मिळतं, कानकोरण्याच्या कापसाने पुलीच्या खाचेतनं पूर्ण काढायचं. थोडं राहिलं तरी नवा बेल्ट उड्या मारतो आणि आवाज थरथरतो. नव्या बेल्टचं माप घ्यायला जुना बेल्ट वापरू नका, तो ताणलेला असतो, त्यापेक्षा बेल्टच्या वाटेने सुतळीचा बारीक धागा फिरवून लांबी मोजा आणि त्याहून साधारण ५ टक्के छोटा बेल्ट मागा. फार घट्ट बेल्ट घातला तर मोटरचा बुश एका बाजूने झिजतो, ती चूक सहा महिन्यांनी कळते.

बेल्ट काढलेलाच आहे तर आता मोटरचा शाफ्ट दोन बोटांनी हळू फिरवून बघा. यात घाई करू नका, अर्धी माहिती इथेच मिळते. ब्रशवाल्या छोट्या मोटरला टप्प्याटप्प्याने हलके हिसके लागतात, ते आतल्या लोहचुंबकाचे, नॉर्मल आहेत. पण मधात फिरवल्यासारखं जड लागत असेल तर तेल घट्ट झालंय. कुठेतरी एकाच जागी अडत असेल आणि बाकी मोकळं असेल तर आत कण आहे किंवा शाफ्ट वाकलाय. आता शाफ्ट आडवा हलवून बघा, बाजूला डगडगला तर बुश झिजलेला आहे आणि त्याला तेल देऊन चार दिवस आवाज कमी होईल एवढंच. वरखाली मात्र केसभर हालचाल हवीच, ती अजिबात नसेल तर पुली जास्त खाली दाबली गेलीये.

मग मोटर मशीनच्या सर्किटपासून सोडवून तिला वेगळा सप्लाय द्या. वायर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, प्लस कुठला ते दिसू दे, टेपच्या मोटरमध्ये आत स्पीड कंट्रोलचं सर्किट असतं आणि उलटा सप्लाय दिला तर ते जळू शकतं. मोटरवर ६, ९ किंवा १२ व्होल्ट असं लिहिलेलं असतं, तेवढाच द्यायचा. मधे मल्टीमीटर मिलिअँपिअरवर लावा आणि आकडा कागदावर लिहा. बेल्ट नसताना धडधाकट कॅसेट मोटर साधारण वीस-तीस मिलिअँपिअरच्या आसपास घेते, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. ती शंभरच्या वर घेत असेल तर आत काहीतरी तिला धरून ठेवतंय. आकडा उड्या मारत असेल तर ब्रश (आत वीज पोचवणारे टेकू) आणि कम्युटेटर (शाफ्टवरचं तांब्याच्या पाकळ्यांचं कडं) यांचा संपर्क नीट नाही. आणि शून्य असेल तर वायर तुटलीये किंवा ब्रश टेकतच नाहीये, अशा मोटरला तेलाचा पिंप दिला तरी ती फिरणार नाही.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी. मोटर आपणहून सुरू होत नाही पण बोटाने टिचकी मारली की धावते, आणि बंद करून पुन्हा लावली की कधी होते कधी नाही. बहुतेक छोट्या मोटर्समध्ये तीन वाइंडिंग असतात, त्यातलं एक उघडं पडलं किंवा कम्युटेटरच्या एका पाकळीवर काजळी बसली की ती पाकळी ब्रशखाली थांबल्यावर मोटर मुकी होते. साधी, आत सर्किट नसलेली मोटर असेल तर मीटर ओहमवर ठेवून शाफ्ट हळूहळू पूर्ण फिरवा, रीडिंग जिथे मोठी उडी मारेल तिथे गडबड. आत सर्किट असलेल्या टेपच्या मोटरला ही टेस्ट लागू नाही, तिथे मीटर काहीही दाखवतो.

रेकॉर्ड प्लेअरची एसी मोटर हम करते, थरथरते, पण फिरत नाही, ही तक्रार तर नेहमीची. दोनच शक्यता आधी बघायच्या, वाळलेलं तेल आणि कॅपॅसिटर. हाताने मोकळी फिरते आणि सप्लाय दिल्यावर टिचकी ज्या दिशेला माराल त्या दिशेला, उलटीसुद्धा, पळायला लागते तर कॅपॅसिटर गेला. नवा घालताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि मेन्सच्या एसीला चालणारा घ्या, पंख्याच्या दुकानातला "जवळपास चालेल" वाला नको. आखातातनं आणलेल्या मशीनबद्दल एक सांगतो, कारण आपल्या भागात अशी बरीच आहेत. सौदीत वीज ६० हर्ट्झची आहे, दुबई-मस्कतला आपल्यासारखी ५० ची. सिंक्रोनस मोटर व्होल्टेजवर नाही तर हर्ट्झवर धावते, त्यामुळे ६० साठी पुली लावलेलं मशीन इथे ३३⅓ ऐवजी साधारण २७.८ फेऱ्यांनी फिरणार आणि लताबाईंचा आवाज जाड येणार. लोक त्यात तेलावर तेल ओततात. तिथे ५० हर्ट्झची पुली बदलणं हाच उपाय. खात्री करायची असेल तर स्ट्रोब डिस्क, म्हणजे प्लेटवर ठेवायची रेघांची चकती, कागदावर छापून घ्या, आपल्या विजेला ३३⅓ साठी १८० रेघांची लागते, ६० हर्ट्झवाली २१६ ची असते ती चालणार नाही. ती जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली बघायची, चांगल्या एलईडीखाली रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत कारण तो लुकलुकत नाही.

आता तेल. आधी काय घालायचं नाही ते, कारण नुकसान तिथेच होतं.

खोबरेल नको. कोकणात प्रत्येक घरात हाताशी तेच असतं म्हणून बिजागरीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळीकडे ते जातं, पण खोबरेल साधारण २४ अंशाच्या खाली गोठतं, डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते ते आपण सगळेच बघतो, तसंच ते बुशमध्ये गोठतं. शिवाय खवट होऊन चिकट होतं ते वेगळंच. डब्ल्यूडी-४० नको, त्यात बहुतांश सॉल्व्हंट असतं, ते बुशमधलं उरलंसुरलं तेल धुऊन काढतं, दोन दिवस मोटर मस्त चालते आणि मग आधीपेक्षा जोरात किंचाळते, आणि स्प्रे आहे म्हणून ते बेल्टवर, पिंच रोलरवर (टेपला दाबून ओढणारं रबरी चाक), सगळीकडे उडतं. स्कूटरचं इंजिन ऑइल नको, त्यातली डिटर्जंट वगैरे केमिकल इंजिनसाठी आहेत, बुशच्या बारीक छिद्रांसाठी नाहीत.

कॅसेटच्या आणि तशा बारीक मोटर्सना शिलाई मशीनचं पांढरं, पातळ, ताजं तेल चालतं. सिंथेटिक घड्याळ-तेल मिळालं तर अजून उत्तम, महाग असतं पण एक छोटी कुपी वर्षानुवर्षं पुरते. रेकॉर्ड प्लेअरच्या मोठ्या मोटरला जरा जाड, नॉन-डिटर्जंट एसएई २०. प्लॅस्टिकच्या गिअरना तेल नाही, प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन किंवा पीटीएफई ग्रीस, तेही दातांवर पुसट थर. काही तेलांनी प्लॅस्टिकला बारीक तडे जातात म्हणून डब्यावर प्लॅस्टिक-सेफ लिहिलंय का ते बघून घ्या.

बुश म्हणजे काय ते समजलं की किती तेल घालायचं हा प्रश्न राहत नाही. तो ओतीव पितळेचा नसतो, ब्राँझची पूड दाबून भट्टीत भाजून केलेला असतो, त्याच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा नुसती छिद्रं असतात आणि ती तेलाने भरलेली असतात. मोटर गरम झाली की तेल बाहेर शाफ्टवर येतं, थंड झाली की परत आत शोषलं जातं. वर्षानुवर्षं हे चालतं, मग ते तेल हळूहळू उडतं आणि घट्ट होतं. आपल्याला फक्त ती छिद्रं परत भरायची आहेत, बाहेर जे राहील ते धूळ गोळा करणार आणि शाफ्टवरनं सरकत आत कम्युटेटरवर जाणार. कम्युटेटरवर तेल गेलं की ब्रशची पूड त्यात कालवून काळा चिखल होतो, तो पाकळ्यांच्या मधल्या फटी भरतो आणि चांगली मोटर करंट खायला लागते.

कॅसेटच्या मोटरला तेल देताना मी असं करतो. मोटर बाहेर काढून पुली वर येईल अशी उभी धरायची. पुली ओढायची नाही, तिच्याखाली सुई जाईल एवढी फट बहुतेकदा असतेच, आणि काढावीच लागली तर आधी तिची उंची कॅलिपरने किंवा कागदाच्या पट्टीवर खूण करून मोजून ठेवायची. शाफ्टभोवती तपकिरी कडा दिसते, ते जुनं तेल. टूथपिकच्या टोकाला कापसाचे चार धागे गुंडाळून, अल्कोहोलमध्ये जेमतेम ओले करून, ती कडा फिरवत फिरवत काढायची, कापूस स्वच्छ निघेपर्यंत. अल्कोहोल टपकता कामा नये, आत गेलं तर चांगलं तेलही विरघळवून टाकतं. पंधरा मिनिटं वाळू द्या. मग हेअर ड्रायरने मोटरचं तोंड हाताला कोमट लागेल इतपतच गरम करा. आता इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये तेल घेऊन सुईच्या टोकावर एक थेंब लटकू द्या आणि शाफ्ट जिथे बुशमध्ये शिरतो तिथे नुसता टेकवा. थेंब चमकत उभा राहतो, तुम्ही पुली बोटाने फिरवता तसा त्याचा घुमट बसत जातो, आणि बुश खरंच कोरडा असेल तर बघता बघता नाहीसा होऊन ब्राँझ नुसतं ओलसर दिसतं. मोटर निवते तसं ते अजून आत ओढलं जातं. तो नाहीसा झाला तर दुसरा थेंब, आधीच्यापेक्षा लहान. तो शोषला न जाता तसाच राहिला तर बस, टिश्यू पेपरच्या कोपऱ्याने टिपून घ्या. मग मोटर उलटी, शाफ्ट खाली करून, दहा मिनिटं चालवा, जास्तीचं असेल ते खाली येईल, ते पुसा. पुली आणि बेल्ट लावायची खाच शेवटी परत अल्कोहोलने पुसायची.

आता पुन्हा मिलिअँपिअर बघा आणि आधीच्या आकड्याशी ताडा. खाली आला असेल तर काम झालं. काहीच फरक नाही आणि शाफ्ट मोकळा आहे तर दोष तेलाचा नव्हताच, अजून तेल घालत बसू नका.

मागचा बुश, ब्रशच्या बाजूचा, स्वस्त मोटर्समध्ये बंद असतो. तिथे पोचायला पत्र्याच्या जिभा वाकवून झाकण उघडावं लागतं, ब्रश आतल्या आत मिटतात, परत बसवताना दोन टाचण्यांनी मागे धरून कम्युटेटर घालावा लागतो, आणि जिभा एक-दोनदाच वाकतात, मग तुटतात. मोटर नाहीतरी टाकायचीच अशी वेळ आली तरच उघडा. उघडलीच तर कम्युटेटर अल्कोहोलच्या कापसाने पुसा, पाकळ्यांमधल्या फटी लाकडी टूथपिकने साफ करा. आत कार्बनऐवजी पातळ सोनेरी-चंदेरी पात्यांचे ब्रश दिसले तर कुठलाही घासकागद लावू नका, वरचा मौल्यवान धातूचा थर अगदी पातळ असतो.

टेप जोडल्यावर स्पीड बघायचा. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, ३००० किंवा ३१५० हर्ट्झच्या टेस्ट कॅसेटवर मोबाईलच्या अ‍ॅपने बरोबर दिसतो. टेस्ट कॅसेट नसेल तर पेटी घ्या. काळी एकमध्ये गायलेला माहितीतला अभंग पांढरी दोनमध्ये वाजत असेल तर मशीन साधारण ६ टक्के जोरात पळतंय. अशा दोन-तीन वेगवेगळ्या कॅसेट तपासा, कारण एखादं रेकॉर्डिंगच मुळात चुकीच्या स्पीडला झालेलं असू शकतं. मोटरच्या मागे बारीक भोक असतं, आत ट्रिमर आहे, म्हणजे स्पीड कमीजास्त करायचा स्क्रू, बारीक स्क्रू ड्रायव्हरने केसभरच फिरवायचा आणि मूळ जागेची खूण आधी करून ठेवायची.

दुर्बिणीबद्दल थोडं. पावसाळा संपला की आपल्याकडे आकाश काय सुंदर असतं, आणि तेव्हाच ट्रॅकिंग ड्राइव्ह रुसतो. आकाशाची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची, मोटर इतकी सावकाश चालते की गिअरमधलं गोठलेलं ग्रीस लगेच जाणवतं, तारा सरकतो, थांबतो, उडी मारतो. तिथे मोटरला काही न करता गिअरबॉक्समधलं जुनं ग्रीस काढून नवं पुसटसं लावायचं. स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) जागच्या जागी थरथरत असेल तर एका फेजची वायर किंवा पिन गेली समजा, दोन्ही कॉइलचं ओहम सारखं आलं पाहिजे, आणि कनेक्टरवर हिरवा गंज आहे का ते आधी बघा, दहापैकी निम्म्या वेळा तिथेच सापडतं असा माझा अनुभव. पण स्टेपर उघडून रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बाहेर काढू नका. २०० स्टेपवाल्या नेहमीच्या हायब्रिड स्टेपरचा रोटर बाहेर आला की त्याचं चुंबकत्व कमी होतं आणि परत बसवल्यावर मोटरला आधीची ताकद राहत नाही.

सेंट्रीफ्यूजमध्ये बहुधा कार्बन ब्रश असतात, ठिणग्या मोठ्या दिसायला लागल्या की ब्रशची लांबी बघा, तिसरा हिस्सा उरला असेल तर जोडीने बदला. हादरत असेल तर बेअरिंगला दोष द्यायच्या आधी समोरासमोरच्या ट्यूब सारख्या वजनाच्या आहेत का ते बघा.

पुराचं पाणी गेलेल्या मशीनचं वेगळं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घरादुकानांत शिरलं तेव्हा किती टेप आणि प्लेअर चिखलात गेले, आणि "चालतंय का बघू" म्हणून प्लग लावल्यामुळे त्यातली किती कायमची जळली असतील. भिजलेल्या मशीनला वीज नाहीच. गोड्या स्वच्छ पाण्याने चिखल धुवा, मग अल्कोहोलने, मग सुटं करून सावलीत चांगलं वाळवा. बुशच्या छिद्रांत पाणी राहतं, ते हलक्या उष्णतेने घालवावं लागतं. सुटा निघणारा बुश असेल तर कोमट तेलात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, म्हणजे छिद्रं तेलाने भरली.

पावसाळ्यासाठी हवाबंद प्लॅस्टिकचा मोठा डबा आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की भरले, ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून परत निळे करता येतात, खायच्या भांड्यात मात्र नको. पंधरा दिवसांनी एकदा मशीन बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं चालवा, तेल फिरतं राहतं आणि आतला ओलावा निघतो. टेप ठेवताना प्लेचं बटण दाबलेलं राहिलंय का बघा, पिंच रोलरला खड्डा पडतो.

आणि मोटरवर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख, कुठलं तेल, किती थेंब आणि मिलिअँपिअरचा आकडा पेन्सिलने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी जो कोणी ते मशीन उघडेल, तुम्ही किंवा दुसरं कुणी, त्याला तेल द्यायचं की बेल्ट बघायचा हे त्या आकड्यावरनंच कळेल.